ड्रोनवर नाव एकाचं, आत पार्ट दहा जणांचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फवारणीचा ड्रोन घ्यायला निघालेले शेतकरी, बचत गटातल्या ताई, सर्वेक्षणाची कामं घेणारे तरुण आणि आपल्या वर्कशॉपात ड्रोनचे पार्ट निघतील का हे चाचपणारे कारखानदार यांच्याकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केलेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. ड्रोन कंपनी स्वतः नेमकं काय बनवते? सगळे पार्ट तर बाहेरूनच येतात म्हणे.

बहुतेक पार्ट बाहेरूनच येतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. मोटर, बॅटरी, जीपीएस, कॅमेरा, रिमोट या प्रत्येकाचे वेगळे कारखाने आहेत. एकच कारखाना एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या अनेक ब्रँडना माल पुरवतो. कोणता पार्ट कशाबरोबर चालेल हे ड्रोन कंपनी ठरवते, ते जुळवते, उडवून तपासते, सरकारी प्रमाणपत्र काढते, चालवणाऱ्याला शिकवते आणि मोडलं की दुरुस्त करून देते.

यातल्या शेवटच्या कामाला मी सगळ्यात जास्त गुण देईन. ड्रोन उसाच्या फडात पडला तर तुम्ही मोटरवाल्याला किंवा बॅटरीवाल्याला फोन करत नाही. ज्याचं नाव ड्रोनवर आहे त्याला करता. तो काय उत्तर देतो यावर पुढच्या गावात त्याचा ड्रोन विकला जाणार की नाही हे ठरतं.

२. दहा लिटरच्या फवारणी ड्रोनमध्ये कोणते पार्ट असतात आणि ते कुठून येतात?

सहा पंखांचा एक नमुना उघडून पाहू. सांगाडा कार्बन फायबरच्या नळ्यांचा आणि ॲल्युमिनिअमच्या सांध्यांचा. तो बऱ्याचदा चीनमधल्या ईएफटीसारख्या फ्रेम बनवणाऱ्या कंपनीचा, नाहीतर त्यावर बेतून इथे काढलेला. प्रत्येक आर्मच्या टोकाला मोटर, तिचा वेग सांभाळणारं ईएससी सर्किट आणि घडीचा प्रोपेलर असा जोडूनच आलेला संच. यात शेनझेनची हॉबीविंग आणि नानचांगची टी-मोटर ही नावं वारंवार दिसतात. मधल्या डब्यात फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे ड्रोनचा मेंदू: जीयीचा, नाहीतर क्यूब किंवा पिक्सहॉक घराण्यातला दुसरा कोणी. त्याच्यातली मुख्य चिप बहुधा युरोपातल्या एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची, तर हालचाल मोजणारा सेन्सर जर्मनीच्या बॉशचा किंवा जपानच्या टीडीकेचा. जीपीएसच्या टोपीखाली अनेकदा स्वित्झर्लंडच्या यू-ब्लॉक्सची चिप सापडते. रिमोट स्कायड्रॉइड किंवा सियीचा. सहा सेलच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, किंवा बारा सेलची एकच. शिवाय पंप, नोझल, फ्लो मीटर आणि पिकापासूनची उंची धरून ठेवणारा रडार.

म्हणजे एकच ड्रोन चार-पाच देशांची वर्गणी असतो. जोडणाऱ्याची कसोटी मात्र वजनकाट्यावर लागते. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलो हा 'स्मॉल' वर्ग आहे. वजन २५ च्या वर गेलं की वर्ग 'मीडियम' होतो आणि प्रमाणपत्रापासून पायलटच्या परवान्यापर्यंत सगळं बदलतं. म्हणून दहा लिटरचे बहुतेक ड्रोन भरल्या टाकीसह २५ किलोच्या जरासे आत बसवलेले असतात. मोठी बॅटरी लावली तर ते वजन फ्रेममधून किंवा टाकीतून कमी करावं लागतं. कंपनीनं कुठे हात आखडला हे तिथे कळतं. एकीनं लँडिंग गिअरची नळी पातळ केलेली असते, दुसरीनं रडारच काढून टाकलेला असतो.

३. मग मीच हे पार्ट मागवून ड्रोन जोडला तर? निम्म्यात पडेल ना?

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून सुटे पार्ट आणून पीसी जोडायचा एक जमाना होता. तोच हिशेब लोक इथे लावतात. पीसी अडकला तर बटण दाबून पुन्हा चालू होतो. हा भरल्या टाकीसह खाली येतो.

कायद्याचं उत्तरही सरळ आहे. व्यवसायासाठी उडवायच्या ड्रोनला टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलच्या रचनेला मिळालेलं सरकारी प्रमाणपत्र) आणि त्यावर आधारलेला ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, लागतो. २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन आणि 'मॉडेल' ड्रोन यांना टाइप सर्टिफिकेटची सूट आहे. मॉडेल म्हणजे २५ किलोपर्यंतचा, नजरेच्या टप्प्यात उडणारा आणि फक्त शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा छंदासाठी वापरलेला. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी जोडलेला ड्रोन यात बसतो. एकरी दर लावून शेजाऱ्याच्या सोयाबीनवर फवारणारा बसत नाही. शिकण्यासाठी जरूर जोडा. धंद्यासाठी नको.

४. जोडणीत एवढं कौशल्य ते काय? नटबोल्टच तर आवळायचे.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भरल्या टाकीनं हवेत थांबलेला असा ड्रोन बॅटरीतून साधारण ७०-८० अँपिअर करंट ओढतो. एवढा करंट ज्या वायरमधून जातो तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि जवळच्या कंपासला उत्तर दिशा भलतीकडे दिसू लागते. मग ड्रोन एका जागी थांबायच्या ऐवजी गोल गोल फिरत सुटतो. जीपीएस आणि कंपास उंच दांड्यावर का असतो, त्याचं हे कारण. दांडा किती उंच, बॅटरीच्या वायरी कोणत्या बाजूनं न्यायच्या, हे मोटरच्या माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. फवारणी सुरू करताना टाकीत दहा किलो, संपताना शून्य. त्याच मोटरा, तेच पंखे, पण ड्रोनचा स्वभाव पार बदललेला. भरलेल्या टाकीवर छान चालणारं सेटिंग रिकाम्यावर ड्रोनला थरथरवतं, आणि रिकाम्यावर बेतलेलं सेटिंग भरलेल्याला सुस्त करतं. अर्धी टाकी तर सगळ्यात वाईट. बांधाशी ब्रेक लागला की पाणी पुढे धावतं आणि ड्रोन मान टाकतो. त्यासाठी टाकीत आडव्या पाट्या टाकाव्या लागतात आणि ब्रेकचा जोर कमी करावा लागतो. हे टेबलावर बसून जमत नाही. टाकी भरून, निम्मी करून, रिकामी करून उडवत राहावं लागतं आणि दरवेळी लॉग, म्हणजे ड्रोननं ठेवलेली उड्डाणाची नोंद, उघडून कंपनांचे आलेख पाहावे लागतात.

तिसरी गोष्ट सांध्याची. आर्म घडी होतात तिथून मोटरच्या जाड वायरी जातात. टेम्पोत घालताना घडी, शेतात उघड, पुन्हा घडी. शे-दोनशे वेळा असं झालं की सांध्याच्या कडेवर वायरचं आवरण घासून आतली तार डोकावू लागते. चांगला जोडणारा तिथे जाळीदार नळी चढवतो, वायरला थोडी ढील ठेवतो आणि सांध्याची कड कानसतो. खर्च किरकोळ असतो. नवा ड्रोन दाखवायला आणला की मी आधी हाच सांधा उघडून बघतो. एलईडी आणि स्टिकर नंतर.

औषधाचं निराळंच. तांब्याची बुरशीनाशकं आणि ओलावा मिळून कनेक्टरवर हिरवा थर चढवतात. सर्किटवर संरक्षक लेप नसेल तर एखाद-दोन हंगामांत कुठला तरी सिग्नल मधेच जायला लागतो, आणि असा मधूनच दिसणारा दोष शोधणं ही शुद्ध डोकेदुखी.

याच्या जोडीला आलेला माल तपासणं. एकाच मॉडेलच्या मोटरा दोन वेगळ्या खेपांत थोड्या वेगळ्या निघतात. ज्या कंपनीत प्रत्येक मोटर चाचणी स्टँडवर फिरवून तिचा सीरियल नंबर लिहून ठेवतात, तिला गडबड झाल्यावर त्या खेपेतले बाकीचे ड्रोन कुठे आहेत हे सांगता येतं. बाकीच्या कानावर हात ठेवतात.

५. सगळ्या कंपन्यांचे ड्रोन दिसायला सारखेच का असतात?

फ्रेमचे कारखाने मोजके आणि २५ किलोची मर्यादा सगळ्यांना तीच (प्रश्न २). वेगळा साचा काढायचा तर तेवढी विक्री हवी. रंग आणि स्टिकर मात्र दोन दिवसांत बदलता येतो. दिसणं सारखं असल्यानं दर्जा सारखा ठरत नाही. वरच्या उत्तरातली एकही गोष्ट फोटोत दिसत नाही.

६. ड्रोनवर 'मेड इन इंडिया' आणि आत चिनी मोटर. ही फसवणूक नाही का?

नेहमीच नाही. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनं केंद्र सरकारनं परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तयार ड्रोन तर नाहीच, पण अर्धवट जोडलेला किंवा संपूर्ण सुटा करून एका खोक्यात भरलेला ड्रोनही आणता येत नाही. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांना परवानगी घेऊन सूट. ड्रोनच्या पार्टच्या आयातीला मात्र त्याच अधिसूचनेत मोकळीक आहे. म्हणजे पार्ट आणा, जोडणी इथे करा, हेच धोरण होतं.

'भारतीय' किती, हे मोजायच्या पट्ट्या निरनिराळ्या आहेत. उत्पादनाशी जोडलेली प्रोत्साहन योजना, म्हणजे पीएलआय, ड्रोनसाठी १२० कोटी रुपयांची आणि तीन आर्थिक वर्षांची होती. तिच्यात किमान ४० टक्के मूल्यवर्धनाची अट होती. मूल्यवर्धन म्हणजे ड्रोन आणि पार्टच्या विक्रीतून त्यांच्या खरेदीचा खर्च वजा केल्यावर उरतं ते, दोन्हीकडे जीएसटी सोडून. यात मजुरी आली, सॉफ्टवेअर आलं आणि नफाही आला. दहाला घेतलेलं वीसला विकलं की कागदावर मूल्यवर्धन झालंच! सरकारी खरेदीची पट्टी वेगळी: स्थानिक घटक ५० टक्के किंवा जास्त असेल तर पहिला वर्ग, २० ते ५० असेल तर दुसरा.

फसवणूक कुठे सुरू होते? विक्रेता 'शंभर टक्के स्वदेशी' म्हणतो आणि पार्टची यादी मागितली की विषय बदलतो, तिथे. भारतात मोटरा बनवणाऱ्या कंपन्या आहेत, हैदराबादची व्हेक्टर टेक्निक्स त्यातली एक. चेन्नईची झुप्पा ऑटोपायलट, म्हणजे फ्लाइट कंट्रोलर, बनवते. पण मोटर भारतीय असली तरी तिच्यातल्या निओडिमियम चुंबकांच्या बाजारावर चीनचीच पकड आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीननं काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, तेव्हा वाहन उद्योगासकट सगळ्यांनाच ते जाणवलं.

७. फ्लाइट कंट्रोलर कोणाचा, याला एवढं महत्त्व का? आणि 'ओपन सोर्स' म्हणजे हलका माल का?

मोटर बिघडली तर मोटर बदलता येते. फ्लाइट कंट्रोलर आणि त्यातलं फर्मवेअर (आत बसवलेलं सॉफ्टवेअर) ज्याच्या हातात, त्याच्या हातात ड्रोनचं वागणं, लॉग आणि दुरुस्तीची किल्ली असते.

जीयीसारखे बंद कंट्रोलर फवारणीसाठी तयार सेटिंगसह येतात. जोडणाऱ्याचं काम पटकन होतं, पण आतल्या कोडला त्याला हात लावता येत नाही. काही विचित्र घडलं तर मूळ कारखान्याला विचारून उत्तराची वाट पाहायची. ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, मार्गात मुख्यतः दोन नावं: आर्डूपायलट आणि पीएक्स४. पीएक्स४ आणि पिक्सहॉकचा उगम झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात, लोरेन्झ मायर यांच्या कामातून झाला. हे हलकं मुळीच नाही. जगभरातल्या माणसांनी पाडून पाडून सुधारलेलं आहे, आणि व्यावसायिक ड्रोनच्या अनेक नामांकित कंपन्या त्यावर उभ्या आहेत.

इथे एक बारीक कलम आहे. पीएक्स४ चा परवाना सैल आहे. त्यात बदल करून तुम्ही कोड स्वतःपाशी ठेवू शकता. आर्डूपायलट जीपीएल परवान्याखाली येतं. बदललेलं फर्मवेअर ड्रोनमध्ये घालून विकलं तर ग्राहकानं मागितल्यावर तो बदललेला कोड द्यावा लागतो. 'आमचं संपूर्ण स्वदेशी सॉफ्टवेअर' म्हणून दाखवलेल्या पडद्यावर मिशन प्लॅनरची (आर्डूपायलटबरोबर वापरायच्या खुल्या सॉफ्टवेअरची) ओळखीची मांडणी दिसली, तर हसू येतं. ते वापरण्यात काही गैर नाही. नाव पुसणं मात्र बरं नव्हे.

८. डीजेआय तरी सगळं स्वतः बनवते ना?

ही चिनी ड्रोन कंपनी आज बरंचसं स्वतः बनवते, पण सुरुवात तशी नव्हती. फ्रँक वांग यांनी २००६ मध्ये शेनझेनला कंपनी काढली तेव्हा ती मॉडेल हेलिकॉप्टरसाठी फ्लाइट कंट्रोलर विकायची, म्हणजे स्वतःच दुसऱ्यांच्या ड्रोनमधला एक पार्ट होती. जानेवारी २०१३ मध्ये फँटम आला, त्याला गोप्रोचा कॅमेरा लावायचा माउंट होता. त्याच वर्षी फँटम २ व्हिजनमध्ये कॅमेराही तिचाच आला. मग गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा), व्हिडिओ लिंक, बॅटरी, ॲप असं एकेक आत ओढलं. स्वीडनच्या हॅसलब्लाड या कॅमेरा कंपनीत २०१५ मध्ये तिनं हिस्सा घेतला, आणि तिथलं नाव पुढे तिच्या ड्रोनच्या कॅमेऱ्यांवर झळकलं. चिप मात्र अजूनही बाहेरच्या असतातच.

क्रम बघण्यासारखा आहे. सगळ्यात आधी मेंदू तिचा होता आणि मग हातपाय. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्या उलट दिशेनं निघतात: फ्रेम आपली, मेंदू विकतचा.

९. बाहेरचे पार्ट जोडून ब्रँड बुडालाय असं कधी झालंय का?

दोन उदाहरणं अमेरिकेतली. थ्रीडी रोबोटिक्सनं २०१५ मध्ये 'सोलो' हा ड्रोन आणला. आत पिक्सहॉक, वर गोप्रो, कोड ओपन, कागदावर झकास. पण गिंबल वेळेत आला नाही, आणि कॅमेरा न हलता धरणारा गिंबलच नसेल तर व्हिडिओसाठी ड्रोन घेणाऱ्यानं काय करायचं? तिकडे डीजेआयनं किमती उतरवल्या. पुढच्याच वर्षी थ्रीडी रोबोटिक्स ड्रोन बनवायच्या धंद्यातून बाहेर पडली आणि सॉफ्टवेअरकडे वळली.

दुसरं खुद्द गोप्रोचं. तिचा 'कर्मा' ऑक्टोबर २०१६ मध्ये बाजारात आला आणि दोन-तीन आठवड्यांत विकलेले सुमारे २,५०० नग परत बोलवावे लागले. उडताना वीज जायची. कारण निघालं बॅटरीचा खटका! सेन्सर नाही, सॉफ्टवेअर नाही, बॅटरी जागेवर धरून ठेवणारी खीळ. २०१८ च्या जानेवारीत कंपनीनं ड्रोन बंद केल्याचं जाहीर केलं.

१०. पुरवठादारानंच हात आखडला तर?

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या स्कायडिओ या ड्रोन कंपनीबाबत हेच झालं. तैवानच्या अग्निशमन यंत्रणेला ड्रोन दिल्यावरून चीननं तिच्यावर निर्बंध लादले आणि तिची बॅटरी चीनमधून यायची. नवा पुरवठादार उभा राहीपर्यंत कंपनीला ग्राहकांना एका ड्रोनमागे एकच बॅटरी द्यावी लागली. ड्रोन अमेरिकेत जोडलेला, सॉफ्टवेअर नावाजलेलं, आणि अडकलं कशावर, तर बॅटरीवर.

शहाणी कंपनी महत्त्वाच्या प्रत्येक पार्टसाठी दुसरा पुरवठादार आधीच चाचणी करून ठेवते. ऐन वेळी दुसरीच मोटर बसवणं म्हणजे प्रश्न ४ मधलं सगळं पहिल्यापासून, वर प्रश्न १२ मधली कागदपत्रं.

११. सैन्याला विकायचा ड्रोन असेल तर एकही चिनी पार्ट चालत नाही का?

देशागणिक आणि करारागणिक फरक पडतो. अमेरिकेच्या २०२० च्या संरक्षण कायद्यातलं कलम ८४८ फ्लाइट कंट्रोलर, रेडिओ, डेटा पाठवणारी उपकरणं, कॅमेरा, गिंबल, जमिनीवरची नियंत्रण यंत्रणा आणि चालवायचं सॉफ्टवेअर यांची नावं घेतं. मोटरीचं नाव त्यात नाही. ज्यातून माहिती बाहेर जाऊ शकते तेवढ्यावरच तिथे बोट ठेवलेलं आहे.

भारतीय लष्कराची भूमिका अलीकडे कडक झाली आहे. २०२५ च्या सुरुवातीला ४०० मालवाहू ड्रोनची, सुमारे २३० कोटी रुपयांची कंत्राटं चिनी पार्टच्या कारणावरून रद्द झाल्याच्या बातम्या आल्या. इथे मेंदू स्वतःचा असणाऱ्यांना फायदा मिळतो. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेली नवी मुंबईची आयडियाफोर्ज ऑटोपायलट आणि नियंत्रण सॉफ्टवेअर स्वतः लिहिते. तिचा 'नेत्र' हा ड्रोन डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर विकसित झाला होता. २०२३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. अशी तयारी एका रात्रीत होत नाही. तिला दीड दशक लागलं.

१२. टाइप सर्टिफिकेट मिळाल्यावर कंपनी गुपचूप स्वस्त पार्ट घालू शकते का? आणि मी बदलला तर?

सर्टिफिकेट एका ठरावीक रचनेला मिळतं, कंपनीच्या नावाला नाही. उड्डाणावर परिणाम करणारा बदल केला तर तो प्रमाणन यंत्रणेसमोर न्यावा लागतो. स्क्रू बदलला म्हणून कोणी धावत नाही. वेगळी मोटर, वेगळा कंट्रोलर ही दुसरी गोष्ट.

मालकासाठी एक नियम फार जणांना ठाऊक नसतो. तुमच्या यूआयएनला फक्त ड्रोनचा सीरियल नंबर जोडलेला नसतो. फ्लाइट कंट्रोलर आणि रिमोट यांचेही नंबर जोडलेले असतात. गावातल्या मेकॅनिकनं दुसऱ्या ड्रोनचा कंट्रोलर काढून तुमच्यात बसवला आणि ड्रोन उडाला, तरी सरकारी पोर्टलवर नवा नंबर चढवल्याशिवाय तो उडवणं नियमाबाहेर आहे. अपघात झाला तर विमा कंपनी नंबर जुळवून पाहणारच. मोटर, पंखे, नोझल बदलायला ही भानगड नाही, फक्त त्याच मॉडेलचे घ्या.

१३. कंपनीची बॅटरी महाग आहे. बाहेरची तेवढ्याच एमएएचची लावली तर काय बिघडतं?

एमएएच हा बॅटरीचा एकच आकडा झाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भार आल्यावर व्होल्टेज किती खाली बसतं. स्वस्त बॅटरी टाकी रिकामी असताना छान चालते. भरल्या टाकीनं उड्डाण घेताना व्होल्टेज एकदम बसतं, कंट्रोलरला वाटतं बॅटरी संपली, आणि ड्रोन जिथे असेल तिथे उतरायला लागतो. काही ब्रँड बॅटरीतल्या सर्किटचा कंट्रोलरशी संवाद ठेवतात. तिथे बाहेरची बॅटरी ओळखलीच जात नाही. हे सुरक्षेसाठी किती आणि ग्राहकाला बांधून ठेवायला किती, याबद्दल माझ्याही मनात शंका आहे. दोन्ही असावं.

सहा सेलच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर जुनी आणि नवी यांची जोडी कधीही लावू नका. जुनी आधी खाली बसते आणि नवीलाही घेऊन जाते. जोड्यांना रंगीत टेप लावून नंबर टाकून ठेवा.

१४. आमचं भोसरीत सीएनसी वर्कशॉप आहे. ड्रोनचे पार्ट बनवून आमचं नाव होईल का?

काम मिळू शकतं. आर्मचे सांधे, मोटर माउंट, क्लँप, लँडिंग गिअरचे ब्रॅकेट हे वाहनांचे पार्ट काढणाऱ्या हातांना अवघड नाही. नग कमी आणि रचना वारंवार बदलणारी, ही अडचण. गाड्यांच्या जॉबवर्कची सवय असलेल्याला पन्नास नगांची ऑर्डर परवडत नाही. पीएलआयमध्ये पार्ट बनवणाऱ्या लघु-मध्यम उद्योगांसाठी उलाढालीची अट मुद्दाम कमी, ५० लाखांची, ठेवली होती. ड्रोन बनवणाऱ्यांना ती २ कोटींची होती.

नावाचं म्हणाल तर टी-मोटर, हॉबीविंग ही पार्टवाल्यांचीच नावं आहेत, आणि आज ड्रोनचे विक्रेते ती स्वतःहून सांगतात. त्यांनी प्रत्येक मोटरचे ताकदीचे आणि तापमानाचे तक्ते छापले, म्हणून जोडणाऱ्यांचा विश्वास बसला. तुमचा सांधा किती वेळा घडी केल्यावर सैल होतो याचा तक्ता तुम्ही दिलात, तर ग्राहक चाकणहून शोधत येईल.

१५. विकत घेताना डीलरला नेमकं काय विचारू?

आधी टाइप सर्टिफिकेटचा नंबर, आणि त्यावरचं मॉडेलचं नाव समोरच्या ड्रोनशी जुळतंय का ते पाहा. मग पार्टची यादी मागा: कंट्रोलर, मोटर, बॅटरी, रिमोट कोणाचे. तुमच्या तालुक्यापासून सर्व्हिसवाला किती लांब, आणि ऑगस्टच्या गर्दीत आर्म मोडला तर किती दिवसांत मिळेल? याचं उत्तर तोंडी न घेता कोटेशनवर लिहून घ्या. जमलं तर आधीच्या दोन ग्राहकांचे नंबर घ्या आणि खरंच फोन करा. लॉग तुम्हाला मिळतात का, की फक्त कंपनीला, हेही विचारा. अपघात झाल्यावर चूक पायलटची की मशीनची हे त्याच्यावरूनच ठरतं.

नमो ड्रोन दीदी योजनेतून घेणाऱ्या बचत गटांनी पॅकेज नीट वाचावं. किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये मदत आहे. पॅकेजमध्ये ड्रोनसोबत चार जादा बॅटरी सेट, प्रोपेलरचा जादा सेट, वर्षाची वॉरंटी, विमा आणि दोन वर्षांचं देखभाल कंत्राट धरलेलं आहे. यातलं काही हातात पडलं नसेल तर मागून घ्या, ताई. ते तुमच्या हक्काचं आहे.

१६. कंपनीच बंद पडली तर माझ्या ड्रोनचं काय?

सुट्या पार्टनी जोडलेल्या ड्रोनचा इथे फायदाच होतो. हॉबीविंगची मोटर दुसऱ्या विक्रेत्याकडेही मिळते. कंट्रोलर ओपन असेल तर जाणकार माणूस सेटिंग वाचून ड्रोन चालू ठेवू शकतो. उलट, सगळं आत बनवलेल्या आणि कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन केल्याशिवाय न उडणाऱ्या ड्रोनचा सर्व्हर बंद झाला की खेळ खलास. म्हणून ॲपला इंटरनेटशिवाय उड्डाण जमतं का, हे खरेदीच्या दिवशीच मोबाइल डेटा बंद करून पाहा.

१७. आमच्या ड्रोनवर खत कंपनीचं नाव आहे, पण टाइप सर्टिफिकेट भलत्याच कंपनीचं. हे चालतं का?

चालतं, आणि बरंच चालतं. बनवणारी एक, विकणारी दुसरी. ज्या मॉडेलला सर्टिफिकेट आहे तोच ड्रोन वेगळ्या नावानं विकला जातोय की आत काही बदललंय, एवढं तपासा. ड्रोनवर लावलेल्या पाटीवर उत्पादकाचं नाव, मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. तो यूआयएनच्या कागदावरच्या नंबराशी जुळला पाहिजे.

तक्रारीच्या वेळी मात्र दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. विकणारा म्हणतो कारखान्याला विचारा, कारखाना म्हणतो डीलरला विचारा. म्हणून वॉरंटी कार्डावर कोणाचा शिक्का आहे ते बघा. विकणाऱ्याचाच असेल तर त्याच्याकडे पार्टचा साठा आहे का, हे गोदामात जाऊन डोळ्यांनी पाहा. साठ्यात निदान दोन मोटर संच, एक जीपीएस आणि एक पंप असायला हवा. नुसती पंख्यांची खोकी असतील तर वॉरंटी कारखान्याच्या शिक्क्यासह मागा.